आक्कांचं गाणं कुठं अडतं?

कोल्हापुरातल्या आमच्या मंगळवार पेठेत एका बोळात पिठाची गिरणी आहे. ती चालवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली आक्का म्हणते. गिरणीचा पट्टा फिरायला लागला की जी घरघर निघते, तिच्यातनं आक्का आपला सा उचलतात आणि दळण संपेस्तोवर एखादा अभंग गुणगुणत राहतात. दर एकादशीला आमच्या मंडळाचं भजन असतं, पेटीवर मी असतो. आक्कांची पट्टी पांढरी चार, म्हणजे बायकांच्या मानानं खालची. आवाज रुंद, कडेला थोडी खर, आणि वरच्या सा ला गेला तरी पातळ न होणारा. एकदा तर पखवाजावरच्या अण्णांची थाप मध्येच थांबली. नंतर विचारलं तर म्हणाले, "ऐकायच्या नादात वाजवायचं इसरलो."

बाहेरचा पाहुणा भजनाला आला की हटकून विचारतो, "एवढं गातात, मग टीव्हीवर कशा दिसत नाहीत?" त्यावर कट्ट्यावर उत्तरं तयारच असतात. वशिला पाहिजे. मुंबईला जायला पाहिजे होतं. नशीब. मीही बरीच वर्षं यातलंच एखादं फेकून मोकळा व्हायचो.

उसाच्या पट्ट्यातला माणूस असल्यामुळं मला ही गोष्ट शेवटी उसावरनंच कळली. पुंड्या ऊस खायला मऊ, रसाळ, पोरं जत्रेत दातानं सोलून खातात. पण कारखाना तो मागत नाही. कारखान्याला उतारा लागतो, म्हणजे टनामागं साखर किती पडते ते. पुंड्यावर कुणाचा राग नाही, त्याला कुणी नापास केलेलं नाही. फक्त कारखान्यात जे मोजतात ते त्याच्यात कमी आहे. गाण्याच्या धंद्याचाही असाच एक उतारा असतो. तो नेमका कशानं ठरतो, ते जरा सावकाश बघू.

आधी आवाजाच्या पल्ल्याचं. आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका ऑपेरा गायिकेचं उदाहरण देऊन म्हटलं होतं की माणसाचा आवाज एका वेळी मोजक्याच लोकांपर्यंत पोचतो, म्हणून गाणाऱ्याच्या कमाईलाही कुंपण असतं. हे आपल्याकडं बघायचं तर खासबागेशेजारच्या नाट्यगृहापाशी जावं. शाहू महाराजांनी १९१५ साली ते पॅलेस थिएटर म्हणून बांधलं, पुढं त्याला गायक-नट केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. तेव्हा माइक नव्हता. पद शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या कानावर पडलं पाहिजे, ही गाणाऱ्याची पहिली परीक्षा. पण केशवराव कितीही मोठे असले तरी एका रात्री एकाच गावात गाणार. त्या रात्री मिरजेला, इचलकरंजीला, निपाणीला दुसऱ्या कुणाला तरी जागा मोकळी असायची. दहा गावं असली की दहा गाणाऱ्यांची चूल पेटायची.

ध्वनिमुद्रण आलं आणि हे कुंपण पडलं. शर्विन रोझेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९८१ साली याचा हिशेब मांडला. एकदा गाणं छापलं की त्याची पुढची प्रत जवळजवळ फुकट निघते. मग पहिल्या नंबरचा गवई आणि दहाव्या नंबरचा गवई ऐकणाऱ्याला एकाच भावात मिळतात. मग दहाव्याला कोण ऐकणार? दोघांच्या गाण्यात फरक एकोणीस-वीसचा, पण कमाईत जमीन-अस्मानाचा. रोझेननं हे गायकांबरोबर विनोदी नट, पाठ्यपुस्तकांचे लेखक अशांनाही लावून दाखवलं होतं. आज मिरजेचा माणूस मिरजेच्या गाणाऱ्याला सोडून मुंबईचा आवाज ऐकतो, यात त्याचा काही दोष नाही. तो आपला चांगला माल घेतोय.

पण "चांगला" कोणता, हे कोण ठरवतं? इथं गोष्ट खरी गुंतागुंतीची होते.

पहिली चाळण वेळेची. भारतातली पहिली मोठी ध्वनिमुद्रणं १९०२ साली कलकत्त्यात झाली. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणारी तबकडी, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. तेवढ्यात जे बसेल ते गाणं. गौहरजान शेवटी आपलं नाव इंग्रजीत पुकारायच्या, तेही त्या तीन मिनिटांतच. आता याच काळात आपल्या कोल्हापूरच्या दरबारात कोण होतं? उस्ताद अल्लादियाखाँ, जयपूर-अत्रौली घराण्याचे मूळपुरुष. अनवट म्हणजे सहसा कुणी न गाणारे राग, दोन राग मिसळून केलेले जोड राग, यांची गायकी, गुंतत जाणाऱ्या ताना, एका आवर्तनातनं दुसऱ्यात ओतल्यासारखं जाणारं गाणं. त्यांचं एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. ते १९४६ साली गेले, म्हणजे तबकड्यांचा धंदा जोरात असलेली चाळीसेक वर्षं त्यांनी डोळ्यांनी पाहिली. हिंदुस्थानी संगीताची एक अख्खी शाखा ज्या माणसापासून सुरू झाली, तो बाजाराच्या वहीत शून्य. उपेक्षित म्हणावं तर स्वतः शाहू महाराजांनी आश्रय दिलेला. त्यामुळं "बाजारात नाही" आणि "कुणी विचारत नाही" ही दोन वेगळी दुखणी आहेत, असं माझं मत झालंय.

त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांनी तबकड्या केल्या. १९७७ साली अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांवर जी सोनेरी तबकडी आहे, तिच्यात त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. मैफलीत एक राग तास-तासभर उलगडणारी बाई, आणि ताऱ्यांकडं गेली ती साडेतीन मिनिटं. आणि त्याच केसरबाईंकडं, आधी कोल्हापुरात अल्लादियाखाँचे चिरंजीव भुर्जीखाँ यांच्याकडं, शिकलेल्या धोंडूताई कुलकर्णी. जन्म कोल्हापूरचा, १९२७. अस्सल तालीम घेतलेल्या या बाईंचं नाव जाणकारांच्या बाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. २०१४ साली त्या गेल्या तेव्हा आमच्या पेठेतल्या किती जणांना कळलं, विचारायची सोय नाही.

तबकडी गेली, कॅसेट आली, सीडी आली, तीही गेली. वाटलं होतं, आता वेळेचं बंधन सुटलं. सुटलं नाही, उलट आवळलं. गाणी ऐकवणाऱ्या अ‍ॅपवर तुम्ही किमान तीस सेकंद ऐकलं तरच ते ऐकणं मोजतात. स्पॉटिफायचा तरी हाच नियम आहे. म्हणजे तिसाव्या सेकंदाच्या आत माणूस धरून ठेवला पाहिजे. आमच्या भजनात तीस सेकंदांत वीणेकरी नुसते पागोटं सरळ करतात. रूपाचा अभंग सुरू व्हायच्या आधी आक्का आलाप घेतात तो मी एकदा घड्याळ लावून मोजला. एक मिनिट दहा सेकंद भरला. धंद्याच्या हिशेबानं त्या आलापात दोन गिऱ्हाइकं निघून गेली.

दुसरी चाळण स्टुडिओची, आणि ही मी जवळनं बघितली. मागं मंडळानं वर्गणी काढून आक्कांचे चार अभंग रेकॉर्ड करायचं ठरवलं. जागेचं नाव सांगत नाही, माणसं वाईट नव्हती. काचेच्या पलीकडं एक पोरगा बसलेला. आक्कांनी सवयीनं पहिला सा लावला आणि पोरानं कानावरचं हेडफोन भिरकावलंच. पडद्यावरची हिरवी पट्टी पार लाल. "मावशी, मागं सरका." आक्का एक पाऊल मागं. "अजून." शेवटी त्या दारापाशी जाऊन टेकल्या. त्यांचा आवाज मांडवातल्या शेवटच्या बाईसाठी घडलाय, आणि माइकला कानात कुजबुजल्यासारखा आवाज लागतो. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं, तेव्हापासून जगभर गाण्याचा ढंगच या बाजूला झुकला. मोठ्यानं फेकायची गरज उरली नाही, जवळनं, मऊ, श्वासासकट गाता येऊ लागलं. शाहीर, गोंधळी, तमाशातल्या गाणाऱ्या बायका, धनगरी ओव्या म्हणणारे, यांचे आवाज उघड्या माळावर तयार झालेले. माइकपुढं ते एकदम "जास्त" वाटायला लागले. त्यांच्यात काही कमी झालं नव्हतं, मोजायचं माप बदललं होतं.

मग पोरानं त्यांच्या कानात क्लिक लावली. क्लिक म्हणजे घड्याळासारखी टकटक, एका ठरावीक लयीत, गाणं संपेपर्यंत तीच. आजकाल बहुतेक गाणी अशीच होतात, कारण तबला एका शहरात, गिटार दुसऱ्या शहरात, आवाज तिसरीकडं वाजतो आणि हे तुकडे नंतर एकमेकांवर बसवायचे असतात. लय हलली की तुकडे बसत नाहीत. पण भजनाची लय हलतेच. ती संथ सुरू होते, टाळकरी धृपद धरतात, चरणाचरणाला अंगात येत जाते आणि गजराला पोचते तोवर मूळ लयीच्या दुप्पट झालेली असते. ती चूक नाही, तेच भजन आहे. आक्का दोन ओळी टकटकीबरोबर गायल्या, तिसऱ्या ओळीला पुढं निघून गेल्या. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. पाचव्या वेळी त्यांनी हेडफोन काढला आणि म्हणाल्या, "ह्या टकटकीला जरा पळायला सांग, मग मी गातो."

तो पोरगा हसला. टकटकीला नव्हे, "गातो" ला हसला. आमच्याकडच्या बायका "मी जातो, मी येतो" म्हणतात, त्याला काय करणार. पण ही तिसरी चाळण आहे आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. बोली, उच्चार, जात, राहणी. न-ण चा घोळ झाला की माणूस गावठी ठरतो, मग त्याचा पंचम कितीही नेमका असो. लावणी गाणाऱ्या बायकांवर तर बदनामीचा शिक्काच बसायचा. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली २०१२ साली, तेव्हा त्या नव्वदी पार करून गेलेल्या होत्या.

आवाजाची फॅशन असते, हेही लक्षात ठेवायला हवं. १९४२ साली एका मराठी चित्रपटासाठी बारा-तेरा वर्षांच्या मुलीनं आपलं पहिलं सिनेमाचं गाणं म्हटलं, ते चित्रपटातनं गाळलं गेलं. पुढं वडील गेल्यावर तिचं कुटुंब काही काळ कोल्हापुरात होतं, ती मास्टर विनायकांच्या कंपनीत छोट्या भूमिका करायची. मुंबईत गेल्यावर एका नावाजलेल्या निर्मात्यानं तिचा आवाज फार पातळ म्हणून नाकारला, कारण तेव्हा शमशाद बेगम, जोहराबाई यांच्यासारखे भरदार आवाज चालायचे. ती मुलगी म्हणजे लता मंगेशकर. दहा वर्षांत तोच पातळ, उंच आवाज सगळ्या देशाचं माप होऊन बसला, आणि मग भरदार आवाजाच्या मुलींना सांगितलं जाऊ लागलं, तुमचा आवाज जाड आहे. आक्कांनाही शाळेत असताना स्नेहसंमेलनाच्या निवडीत हेच ऐकवलं होतं. लताबाईंचा यात काय दोष? पण एखादा आवाज "बसत नाही" असं कुणी म्हटलं, की मला त्या निर्मात्याचा नकार आठवतो.

आता समजा या सगळ्या चाळण्यांतनं एखादा पार झाला. तरी चांगला असेल तर वर येईलच की, असं आपल्याला वाटतं. याची परीक्षा घेतलेली आहे. २००६ साली सालगानिक, डॉड्स आणि वॉट्स या तीन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चौदा हजारांवर माणसं, आणि अनोळखी बँडांची ४८ गाणी. काही जणांना नुसती गाणी दिली, आवडेल ते उतरवून घ्या म्हणून. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या जगांत वाटलं आणि तिथं प्रत्येक गाण्यापुढं आतापर्यंत किती जणांनी ते घेतलंय हा आकडा दाखवला. आकडा फक्त आपल्या जगातला. आपण याला आठ पेठा म्हणू. शिवाजी पेठेला मंगळवार पेठेत काय चाललंय ते दिसत नाही, अशी आठ पेठांची मांडणी.

गाणी तीच, माणसंही साधारण तशीच. निकाल मात्र पेठेपेठेला वेगळा. एक गाणं एका जगात पहिलं आलं, तेच दुसऱ्यात चाळीसावं. सुरुवातीला चार जणांनी योगायोगानं एखादं गाणं उचललं की पाचव्याला आकडा दिसतो, तो तेच उचलतो, सहावा त्याच्या मागं. एकदम भिकार गाणी सहसा वर गेली नाहीत, अगदी उत्तम सहसा तळाला बुडाली नाहीत. पण मधली सगळी कुठंही जाऊ शकत होती. आणि जगातले बहुतेक चांगले गाणारे याच मधल्या पट्ट्यात असतात. म्हणून कट्ट्यावरचं "नशीब" हे उत्तर वाटतं तेवढं अडाणी नाही.

मोबाइलमधलं अ‍ॅप हाच आकडा आता यंत्राकडून दाखवतं. हे गाणं ऐकणाऱ्यांनी अजून काय ऐकलं, ते बघून ते तुम्हाला पुढचं सुचवतं. पण ज्या गाण्याला कुणी ऐकलेलंच नाही त्याच्याबद्दल यंत्राला काहीच कळत नाही, म्हणून ते सुचवत नाही, म्हणून कुणी ऐकत नाही. ल्युमिनेट ही अशी मोजदाद करणारी कंपनी. तिच्या हिशेबाप्रमाणे २०२३ साली या अ‍ॅपांवर अठरा कोटींवर गाणी होती, त्यातल्या साडेचार कोटींना वर्षभरात एकदाही कुणी वाजवलं नाही. त्यातली सगळी काही रत्नं नसणार, हेही खरं. प्रत्येक गल्लीत एक बेसूर काका असतो आणि त्याच्या घरच्यांना तो उपेक्षितच वाटतो.

पैशाची वाटणी कशी होते ते थोडक्यात. समजा मी महिन्याला शंभर रुपये भरतो आणि महिनाभर फक्त आक्कांचा अभंग ऐकतो. माझे शंभर, अ‍ॅपनं आपला वाटा काढून घेतल्यावर, आक्कांकडं जातील असं वाटतं. जात नाहीत. बहुतेक अ‍ॅपांवर सगळ्यांचे पैसे एका हौदात पडतात आणि देशात एकूण जेवढं ऐकलं गेलं त्यात ज्याचा जेवढा हिस्सा, तेवढं पाणी त्याला. माझे शंभर रुपये मुख्यतः मी कधी न ऐकलेल्या सिनेमाच्या गाण्यांना जातात. ज्यानं त्यानं ऐकलेल्याला ज्याचे त्याचे पैसे, ही दुसरी पद्धत आहे. साउंडक्लाउडनं २०२१ पासून ती काही कलाकारांसाठी सुरू केली. स्पॉटिफायनं उलट २०२४ पासून नियम केला की बारा महिन्यांत हजारापेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे पैसेच मोजायचे नाहीत.

कायद्यातही एक गाठ आहे. गाणाऱ्याला पूर्वी एकदाच पैसे मिळायचे आणि विषय संपायचा. लताबाईंनी साठच्या दशकात गायकांना रॉयल्टी पाहिजे म्हणून भांडण काढलं, रफीसाहेबांचं मत वेगळं होतं, त्यावरनं दोघांनी काही वर्षं एकत्र गायचं सोडलं. कलाकाराचा हक्क आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली आला आणि व्यावसायिक वापरावर गायकाला रॉयल्टी, हे २०१२ च्या दुरुस्तीत. पण कागदावरचा हक्क मिळवायला आपलं गाणं कुठं वाजतंय हे कळावं लागतं, नोंद असावी लागते, संस्थेचं सभासद असावं लागतं. शिवाय आमच्यासारख्यांचं अवघड असं, की अभंग तुकोबांचा आणि चाल पिढ्यान्‌पिढ्यांची. कवीला जाऊन साठ वर्षं उलटली की शब्द सगळ्यांचे होतात, पारंपरिक चालीचा तर मालकच नाही. उद्या कुणी संगीतकारानं आमची चाल उचलून सिनेमात घातली, तर त्याच्या नावापुढं "संगीत" लागेल आणि आम्ही थिएटरात शिट्ट्या वाजवू.

तरी आक्का गातातच. त्यांची बिदागी म्हणजे नारळ, कधी ब्लाऊज पीस, मोठ्या सप्ताहाला पाकीट. गणपतीत डॉल्बीचा दणका सुरू झाला की त्या गिरणी बंद करून माहेरी जातात.

त्या स्टुडिओतनं चारांपैकी एकच अभंग धड निघाला, तोही क्लिक काढून, आम्ही सगळे एका खोलीत बसून वाजवल्यावर. मी तो अ‍ॅपवर चढवला. वर्षानं आकडा बघितला, दोनशे चौदा. हजाराच्या आत, म्हणजे शून्य रुपये. हे सांगायला दुपारी गिरणीत गेलो. आक्कांनी हजाराचं काही विचारलं नाही. पट्टा बंद केला, हाताचं पीठ लुगड्याला पुसलं आणि फोन कानाला लावून अख्खा अभंग ऐकला. दळणाला आलेल्या दोन बायका डबे धरून उभ्या होत्या.

"दुसऱ्या चरणात गंधार उतरलाय बघ माझा," त्या म्हणाल्या. "एवढ्या लोकांनी ऐकलं हे?"

"होय की."

"मग ते काढून टाक तिथनं. एकादशीला परत म्हणतो मी, तवा नीट घे."